देवस्थळींचे अठरा नियम

मुरलीधर देवस्थळी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतून पाण्याचा पंप बंद करायला म्हणून सात मिनिटं बाहेर गेले आणि परत आले तेव्हा ते उद्यान समितीचे सचिव झालेले होते. समितीत दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे निवड एकमताने झाली, असं अध्यक्ष खुरानाजींनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवस्थळींनीही वाजवल्या. कशासाठी वाजवल्या हे त्यांना शेजारच्या खुर्चीवरच्या अविनाशने सांगितलं.

हे सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरातलं. गुरगावच्या नव्या सेक्टरात ही सोसायटी उभी राहिली त्याला चार वर्षं झाली होती. देवस्थळी केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात होते आणि बावीस वर्षं दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरात राहून, निवृत्ती जवळ आल्यावर, स्वतःच्या घरात आले होते. तिसरा मजला, दोन बाल्कन्या, आणि समोर सोसायटीला मिळालेलं अडीच एकराचं मैदान. घर बघायला आले तेव्हा दलालाने त्या मैदानाकडे हात करून 'व्ह्यू' असा एकच शब्द उच्चारला होता. पावसाळ्यानंतर त्या व्ह्यूमध्ये माणसाच्या कमरेइतकं गवत वाढलं होतं आणि त्यातून कधी मुंगूस, तर कधी शॉर्टकट मारणारे खुरानाजी बाहेर पडत.

गवत वाढलं तर वाढलं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण सरकारी पत्र आलं होतं. मैदान हिरवळ म्हणून राखायच्या अटीवर सोसायटीला दिलेलं आहे, पंचवीस ऑक्टोबरला पाहणी होईल, गवताची उंची तीन इंचांहून जास्त आढळल्यास जमीन परत घेऊन तिथे पेट्रोल पंप देण्याचा विचार करण्यात येईल. पत्र वाचून सगळे हादरले. पेट्रोल पंप समोर असण्याचे दोन फायदे कोणीतरी सांगितले, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सोसायटीचा माळी हाताने ढकलायचं छोटं यंत्र घेऊन पूर्वेकडून सुरुवात करी. पश्चिमेच्या भिंतीशी पोचायला त्याला बारा दिवस लागत, तोवर पूर्वेला त्याने काही केलं होतं याचा पुरावा उरत नसे. देवस्थळींनी याचा एक आलेखही काढला. गवताची रेघ आणि माळ्याची रेघ एकमेकींना कुठेच भेटत नव्हत्या.

चौथ्या मजल्यावरच्या चंद्रप्रभाबाईंनी बकऱ्या सोडायचा सल्ला दिला. पुण्याहून नोकरीसाठी आलेला आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेला अविनाश म्हणाला, "काका, आधी प्रोसेस ठरवा. मी तुम्हाला एक्सेल शीट करून देतो." त्याने दिली. ती छान रंगीत होती. गवत मात्र वाढतच होतं.

शेवटी खुरानाजींनी तोड काढली. त्यांच्या मेहुण्याचा आयातीचा धंदा होता, आणि देश खुला झाल्यापासून त्याच्या गोदामात काय काय येऊन पडेल याचा नेम नव्हता. एका रिसॉर्टसाठी त्याने इटलीहून ट्रॅक्टरला जोडायचं गवत कापायचं यंत्र मागवलं होतं. यंत्र आलं, पण तोवर रिसॉर्टच होणार नाही असं ठरलं. "देवस्थळीजी, अब सब मिलता है," खुरानाजी म्हणाले. "फिनिशिंग मोअर. गोल्फ कोर्स जैसा कर देगा."

लाकडी खोक्यातून ते बाहेर काढलं तेव्हा निम्मी सोसायटी पार्किंगमध्ये जमली होती. लाल रंगाची, पाच फूट रुंद, उलटी घातलेली परात असावी तसा आकार. परातीखाली तीन पाती, चार कोपऱ्यांना चार छोटी चाकं, एका बाजूला कापलेलं गवत बाहेर पडायचं तोंड, आणि पुढे ट्रॅक्टरला जोडायचा लांब दांडा. हा दांडा ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरतो आणि पाती फिरवतो, एवढं देवस्थळींना चित्रावरून कळलं. "पिठाची गिरणी आहे का हो?" असं चंद्रप्रभाबाईंनी विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्या थोड्या हिरमुसल्या.

खोक्यात एक जाड पुस्तकही होतं. यंत्र पार्किंगमध्ये राहिलं, पुस्तक देवस्थळींकडे आलं. खरं तर तिथूनच पुढचं सगळं सुरू झालं. तीस वर्षं सरकारी परिपत्रकं वाचलेल्या माणसाच्या हाती बहात्तर पानांचं सूचनापुस्तक देऊ नये, हे खुरानाजींना सुचायला हवं होतं.

देवस्थळींनी ते तीनदा वाचलं. पानोपानी चित्रं होती, आणि प्रत्येक चित्रात एक काळा, चेहरा नसलेला माणूस होता. पान नऊवर फिरत्या दांड्याने त्याची बाही पकडली होती. पान बारावर पात्याने उडवलेला दगड त्याच्या छातीवर येत होता. पान सतरावर तो उतारावर ट्रॅक्टरखाली आला होता, आणि एकविसाव्यावर इंजिन बंद न करता त्याने परातीखाली हात घातला होता. पुढच्या पानावर तो पुन्हा ठणठणीत, पण पुन्हा चुकीच्या जागी उभा. देवस्थळींना त्याची काळजी वाटू लागली.

"कोण आहे हा इतका अभागी?" सुनेत्राबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं. त्या शाळेत गणित शिकवत आणि घरात कोणत्याही गोष्टीचं उत्तर दोन ओळींत मागत.

"ऑपरेटर," देवस्थळी म्हणाले. "आणि आपल्याकडे हा माणूस अजून ठरलेलाच नाही."

मग त्यांनी नियम लिहायला घेतले. मराठीत लिहून मग हिंदी-इंग्रजी करायचं, कारण विचार मराठीत येत. मुलीचं नाव पूर्वी, ती अकरावीत होती, टायपिंग तिच्याकडे आलं.

"बाबा, पातं म्हणजे?"

"ब्लेड."

"आणि वंगण?"

"ग्रीस."

"मग सरळ ग्रीस का नाही म्हणत, यार?"

देवस्थळींनी चष्मा काढला आणि वंगण, पाचर, बिजागरी, खीळ असे चार शब्द तिला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं आणि ग्रीस असंच टाइप केलं.

नियम अठरा झाले. चालू यंत्रापासून शंभर फुटांच्या आत माणूस नको. आधी मैदान चालून दगड-विटा उचलाव्यात. सैल कपडे नकोत. चालकाशिवाय ट्रॅक्टरवर कोणी बसू नये. खाली उतरण्याआधी पाती बंद, यंत्र जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. परातीखाली काम करायचं तर तिला लाकडी ठोकळ्यांचा आधार. चौदावा नियम असा, की कामानंतर अवजारं मोजून पेटीत ठेवावीत. तीन भाषांतले अठरा नियम नोटीस बोर्डावर लागले तेव्हा पाण्याच्या वेळा आणि डिश अँटेनाची जाहिरात दोन्ही झाकली गेली, आणि लोकांनी पहिली तक्रार त्याबद्दल केली.

"देवस्थळीजी," खुरानाजी बोर्डासमोर उभे राहून म्हणाले, "घास काटनी है. एटम बम नहीं फोड़ना."

आजूबाजूचे हसले. देवस्थळीही हसले, पण घरी येऊन त्यांनी अठराही नियम पुन्हा वाचले आणि एकही खोडला नाही.

वंगणाचंही एक प्रकरण झालं. यंत्राला दर आठ तासांनी सात ठिकाणी ग्रीस भरायचं होतं, त्यासाठी ग्रीस गन हवी. गुरगावात तेव्हा पिझ्झा मिळू लागला होता, ग्रीस गन काही त्यांना सापडेना. देवस्थळी जुन्या ओळखीवर दिल्लीत मुनिरक्याच्या एका हार्डवेअरवाल्याकडे गेले, गन घेतली आणि तिथूनच ऑफिसला पोचले. दारावर नवा शिपाई होता.

"बॅग में क्या है?"

"ग्रीस गन," देवस्थळी खरं बोलले.

शिपायाला त्यातला दुसराच शब्द ऐकू आला. पुढचा पाऊण तास देवस्थळी स्वतःच्या ऑफिसच्या दारात स्टुलावर बसून होते. त्यांच्या हाताखालचे तिघे कारकून नमस्कार करून आत गेले. शेवटी सुरक्षा अधिकारी आला, त्याने गन हातात घेऊन दाबून पाहिली आणि त्याच्या शर्टावर पिवळट ग्रीसची एक सुबक गोगलगाय उमटली. रजिस्टरात ग्रीस गनसाठी रकाना नव्हता. ती 'शस्त्रे' या सदरात नोंदवून संध्याकाळी सही करून परत घ्यावी लागली.

राहिला ट्रॅक्टर. सोसायटीच्या भिंतीपलीकडे जुनं गाव होतं. त्याची शेतं सेक्टरांत गेली होती आणि घरांवर भाड्यासाठी मजले चढत होते. ट्रॅक्टर एकाच घरी उरला होता, आणि तो कौशल्या नावाच्या बाईचा होता. पंचेचाळीसच्या आसपासची, उंच, उन्हाने रापलेली. नवरा गेल्यावर दिरांनी ट्रॅक्टर विकायचा लकडा लावला होता. तिने तो विकला नव्हता. रोज सकाळी ती तो सुरू करी, अंगणात थोडा पुढे घेई, थोडा मागे घेई आणि बंद करी.

देवस्थळी सुनेत्राबाईंना बरोबर घेऊन गेले. परक्या बाईकडे कामासाठी एकटं जाणं त्यांना बरं वाटेना.

कौशल्याने सगळं ऐकून घेतलं. "घास कितनी ऊँची है, बाबूजी?"

"कमर तक."

"तो पहले दराँती से कटेगी. इतनी ऊँची में मसीन घुट जाएगी."

हे पुस्तकाच्या पान सहावर अगदी असंच लिहिलेलं होतं. फिनिशिंग मोअर हा राखलेली हिरवळ नीट करण्यासाठी असतो, रान तोडण्यासाठी नाही. देवस्थळींना तीन वाचनांनंतर जे खुरानाजींना सांगायची हिंमत झाली नव्हती, ते या बाईने पुस्तक न बघता सांगितलं.

ठरलं असं, की कौशल्या आणि गावातल्या बायका आधी विळ्याने गवत कापतील, तो सगळा चारा त्यांचा. मग ती ट्रॅक्टर आणील.

"और उसके बाद हर हफ्ते का चारा?" तिने विचारलं.

देवस्थळी प्रामाणिक माणूस होते. "बहनजी, बाद में चारा नहीं मिलेगा. ये मशीन घास का चूरा करके वहीं डाल देती है."

"इतनी बड़ी मसीन, और हाथ में कुछ नहीं आता?"

"नहीं."

"फिर काटते क्यों हो?"

बहात्तर पानांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कौशल्याने त्यांच्याकडे आणि मग भिंतीवरून दिसणाऱ्या मैदानाकडे पाहिलं. "चलो," ती म्हणाली. "ट्रैक्टर भी खड़ा-खड़ा बूढ़ा हो रहा है."

विळ्यांनी गवत निघायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मैदान चार इंचांवर आलं आणि लोकांनी बाल्कनीतून विचारायला सुरुवात केली, की सगळं विळ्यानेच होणार होतं तर इटलीहून मशीन कशाला आणलं? खुरानाजी हे सगळे प्रश्न देवस्थळींकडे पाठवत.

मग देवस्थळींनी नियम दोनप्रमाणे मैदान चालायला घेतलं. चुन्याने त्यांनी रेघा आखल्या, प्रत्येक रेघेवरून पोतं घेऊन चालले, आणि विटा, सळया, तारा, तीन चपला व एकोणीस क्रिकेटचे चेंडू गोळा केले. ऑफिसला जाणारे लोक त्यांना सुप्रभात म्हणत आणि पुढे जाऊन हसत. तिसऱ्या दिवशी, मैदान निर्धोक आहे असं त्यांनी लिहून ठेवलं, त्यावर सही केली, तारीख घातली आणि ते मोठ्याने वाचून दाखवलं.

कौशल्याने बांधावर उभं राहून ते ऐकलं. मग ती सरळ चालत मैदानाच्या उत्तर कोपऱ्याकडे गेली आणि एका किंचित उंचवट्यावर टाच आपटली. "यहाँ कुआँ है."

तिथून देवस्थळी दोनदा गेले होते.

"म्हारा था," ती म्हणाली. "बिल्डर ने मलबा भर दिया. पत्थर की मुंडेर अब भी खड़ी है, घास के नीचे. मसीन चढ़ी तो तीनों ब्लेड गए."

खणल्यावर चार बोटांवर दगडी कड लागली. हे मैदान म्हणजे तिच्या सासरचं मोहरीचं शेत होतं हे देवस्थळींना तेव्हा कळलं. त्यांनी आपली सही केलेला कागद घडी करून खिशात घातला. विहिरीभोवती सुनेत्राबाईंच्या जुन्या निळ्या साडीच्या झेंड्या लागल्या. त्यानंतर कौशल्या पुढे आणि देवस्थळी मागे, असं मैदान आणखी एकदा चालून झालं. त्यात आणखी दोन दगड आणि पाइपाचं एक तोंड निघालं.

यंत्र जोडायचा दिवस आला तशी एक अवघड गोष्ट पुढे आली. नियम सात: सैल कपडे नकोत. फिरता दांडा कापडाचं टोक पकडतो आणि सोडत नाही. कौशल्याची ओढणी गुडघ्यापर्यंत लोंबत होती. परक्या घरातल्या, जेमतेम ओळखीच्या बाईला ओढणीबद्दल काही बोलणं देवस्थळींना जमणं शक्यच नव्हतं. ते तीनदा घसा खाकरले. मग सुनेत्राबाईंकडे बघू लागले.

सुनेत्राबाईंनी दोन ओळींत सांगितलं.

"पता है," कौशल्या म्हणाली. "म्हारे देवर का हाथ चारे की मसीन में गया था. कोहनी तक." तिने ओढणी डोक्यावरून घेऊन मानेशी, मग कमरेशी घट्ट खोचली. मग देवस्थळींकडे वळली. "और बाबूजी, ये क्या है?"

देवस्थळींच्या गळ्यात शिटी होती. सुरक्षेसाठी घेतलेली. तिची लांब दोरी पोटापर्यंत लोंबत होती आणि ते त्या वेळी बरोबर दांड्यावर ओणवे झालेले होते. त्यांनी शिटी काढून खिशात टाकली. पूर्वी हसू लपवायला तोंड फिरवून उभी राहिली.

पहिल्या चाचणीत यंत्राने मैदानाला न्हाव्याने अर्ध्यावर सोडलेल्या डोक्यासारखं करून टाकलं. डावीकडे माती दिसत होती, उजवीकडे गवत तसंच. परात समपातळीत नव्हती. मग अख्खा शनिवार देवस्थळी पूर्वीच्या भूमितीच्या पेटीतली पट्टी घेऊन जमिनीवर पालथे पडले होते. मागची कड पुढच्यापेक्षा किंचित वर, डावी-उजवी सारखी. दर वेळी इंजिन बंद, किल्ली कौशल्याच्या खिशात, परातीखाली लाकडी ठोकळे. सल्ला द्यायला सतरा जण येऊन गेले. "काका, स्पिरिट लेव्हल नाही का तुमच्याकडे?" असं अविनाशने विचारलं आणि नाही म्हटल्यावर तो निघून गेला. एकोणीस नंबरचा पाना घेऊन देवस्थळी नट सैल करत होते, कौशल्या यंत्र बोटभर उचलत होती, सुनेत्राबाई वाचून आकडे सांगत होत्या. दुपारी चार वाजता तिघांच्या मते ते बरोबर झालं. दुसऱ्या चाचणीत यंत्राने गवताची अशी पट्टी काढली, की पूर्वी बूट काढून तिच्यावर चालली.

खुरानाजींनी ती पट्टी बाल्कनीतून पाहिली आणि ताबडतोब उद्घाटन ठरवलं.

उद्घाटनाला शामियाना होता, फीत होती, नारळ होता, स्टीलच्या मोठ्या ड्रममध्ये चहा होता आणि मैदानात दीडशे माणसं होती. खुरानाजींचा बेत असा, की त्यांनी ट्रॅक्टरवर कौशल्याच्या शेजारी, मडगार्डवर बसायचं, यंत्र चालू व्हायचं आणि फोटो निघायचा. त्यांनी त्यासाठी लाल जाकीट घातलं होतं.

"नाही," देवस्थळी म्हणाले. ते मराठीत बोलले, कारण इतका ठामपणा त्यांना घाईत हिंदीत आणता आला नाही. मग हिंदीत म्हणाले, "ट्रैक्टर पर सिर्फ चालक. और सब लोग दीवार के पीछे. शंभर फूट."

"देवस्थळीजी, दो मिनट की बात है."

"दोन मिनिटांतच होतं," देवस्थळी म्हणाले.

लोकांना मजा वाटू लागली होती. खुरानाजींचा चेहरा जाकिटाच्या रंगाचा झाला. "प्रेसिडेंट कौन है इस सोसायटी का?" त्यांनी विचारलं आणि कौशल्याकडे वळून हुकूम केला, "चलाओ जी."

कौशल्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढली, कुडत्याच्या खिशात टाकली आणि हाताची घडी घालून बसली. "बाबूजी बोलेंगे तो चलेगा."

पुढची दहा मिनिटं अतिशय वाईट गेली. लोक कुरकुरत भिंतीमागे गेले. बायका म्हणाल्या, ऊन लागतंय. कोणीतरी मोठ्याने विचारलं, की विमानतळावर तरी इतकी तपासणी असते का. खुरानाजी सगळ्यांत शेवटी गेले आणि जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. चहाचा ड्रम तेवढा शामियान्यात राहिला, कारण तो जड होता आणि चहाला काय होणार, असं सगळ्यांचं मत पडलं. देवस्थळी एकटे, खिशातली शिटी चाचपत, भिंतीच्या टोकाला उभे राहिले. आपण या वयात या सोसायटीत आता कसं राहायचं, असा विचार त्यांच्या मनात चालू होता.

त्यांनी हात वर केला. ट्रॅक्टर सुरू झाला, पाती फिरू लागली. कौशल्याने झेंड्यांना वळसा घालून एक फेरी घेतली, दुसरी घेतली. तिसऱ्या फेरीत खण्ण असा आवाज झाला, परातीच्या बाजूच्या तोंडातून काहीतरी चमकतं जमिनीलगत उडालं आणि शामियान्यातून घंटेसारखा नाद आला. मग चहाच्या ड्रममधून, खाली असतो त्या नळाच्या बरोबर वर, दुसरी धार सुरू झाली.

कौशल्याने पाती बंद केली, यंत्र खाली टेकवलं, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि मगच उतरली.

ड्रमच्या ज्या बाजूला भोक पडलं होतं, तिकडेच अध्यक्षांची खुर्ची मांडलेली होती. हे सगळ्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग भिंतीमागून दीडशे माणसं एकाच वेळी बोलू लागली. चंद्रप्रभाबाईंनी देवस्थळींच्या डोक्यावर अक्षता टाकल्यासारखा हात केला. अविनाश म्हणाला, "काका, ग्रेट." खुरानाजी पुढे आले आणि त्यांनी देवस्थळींचे दोन्ही हात धरले.

देवस्थळी हात सोडवून ड्रमपाशी गेले. चहा ढवळायच्या डावाने त्यांनी ती वस्तू बाहेर काढली. कौशल्याही तिथे पोचली होती. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. तो एकोणीस नंबरचा पाना होता. शनिवारी नट आवळून झाल्यावर देवस्थळींनी तो गवतात ठेवला होता आणि पट्टी बघायच्या आनंदात तसाच विसरले होते.

कौशल्या हळूच म्हणाली, "पत्थर था, बाबूजी. पत्थर बोल दो."

सोपं होतं ते. पाना खिशात जाण्याएवढा होता आणि खिसाही समोर होता. नियम चौदा मात्र नोटीस बोर्डावर तीन भाषांत लागलेला होता. देवस्थळींनी पाना वर धरला. "ये मेरा है," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "मैं ही भूल गया था. मैदान साफ था. गलती मेरी है."

चहाची धार तेवढी चालू होती. खुरानाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्यांनी बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं.

"मतलब, देवस्थळीजी," ते म्हणाले, "आपने हमको आपसे ही बचाया."

आधी सुनेत्राबाई हसल्या. मग कौशल्या, मग भिंत, मग वरच्या बाल्कन्या. देवस्थळींना आधी वाटलं की आपल्याला हसताहेत. मग त्यांनाही हसू आलं, आणि आल्यावर ते आवरेना.

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. लोक नियम पाळू लागले. बिनचूक माणसाने लिहिलेले नियम त्यांना जाचक वाटत होते. चुकणाऱ्या माणसाने लिहिलेले पटले. शनिवारी शिटी वाजली की भिंतीआतली मुलं आपणहून बाहेर जात, आणि खुरानाजी स्वतः गेटवर उभे राहून पाहुण्यांना शंभर फुटांचा हिशेब समजावत. वाकडं झालेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही असं पुस्तक सांगत होतं. सुदैवाने खोक्यात पात्यांचा दुसरा जोड होता. बाकीची दोन पाती काढून, गावातल्या लोहाराकडून धार लावून आणली. दोन्ही बाजूंचं वजन सारखं आहे का हे बघायला ती मधोमध खिळ्यावर अडकवून पाहावी लागत. सबंध घरात तेवढा मजबूत खिळा घड्याळाचाच होता. त्या आठवड्यात देवस्थळींच्या बैठकीच्या खोलीत वेळ कळत नव्हती, पातं मात्र अगदी आडवं, स्थिर राहिलेलं दिसत होतं. पूर्वी त्याच्याकडे बघून मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "नहीं यार, आर्ट नहीं है. पातं है, पातं."

पंचवीस ऑक्टोबरला पाहणी अधिकारी आले. सडपातळ, चष्मा लावलेले, बगलेत फाइल. त्यांनी मैदानात नऊ ठिकाणी पट्टी लावली. कुठे अडीच इंच, कुठे पावणेतीन. एके ठिकाणी बरोबर तीन निघालं तेव्हा खुरानाजींनी श्वास रोखून धरला. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि फाइलमधून एक चार पानी फॉर्म काढला. पेट्रोल पंपाचं बारगळलं, पण आता या फॉर्मातला एकही रकाना रिकामा सोडता येणार नव्हता.

फॉर्म भरायला देवस्थळी बसले. हे त्यांचं खास काम होतं. यंत्राचा प्रकार, पात्यांची संख्या, वंगणाचं वेळापत्रक, सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात भरलं. चौथ्या पानावर 'चालक' असं सदर होतं. नाव: कौशल्या देवी. पुढे होतं, 'या मैदानावरील कामाचा अनुभव, वर्षांत'.

अधिकारी म्हणाले, "एक महीना होगा. शून्य लिख दीजिए."

देवस्थळींनी पेन उचललं, आणि थांबले. कौशल्या ट्रॅक्टरला टेकून उभी होती. त्यांनी तिला विचारलं, "बहनजी, आप इस ज़मीन पर कब से कब तक काम करती थीं?"

तिला प्रश्न कळायला क्षणभर लागला. "ब्याह के आई इकहत्तर में. उसी साल सरसों काटी. ज़मीन गई इक्यानबे में."

देवस्थळींनी रकान्यात वीस लिहिलं.

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "बीस साल? देवस्थळी साहब, सोसायटी को चार साल हुए हैं."

"फॉर्म में मैदान लिखा है, सोसायटी नहीं," देवस्थळी म्हणाले. आकड्यांच्या बाबतीत त्यांचा आवाज कधी चिरकत नसे. "आँकड़ा सही है. मैं तीस साल से आँकड़े ही देख रहा हूँ."

अधिकाऱ्यांनी रकाना पुन्हा वाचला. मैदानच लिहिलं होतं. त्यांनी खांदे उडवले आणि सहीसाठी हात पुढे केला.

"बाबूजी," कौशल्या म्हणाली. ती जवळ येऊन फॉर्मवर वाकली होती. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, आकडा येत होता. "इक्कीस करो. ये साल भी तो गिणो."

कोणाच्या तोंडी सांगण्यावरून देवस्थळींनी आजवर एकही आकडा बदलला नव्हता. त्यांनी वीसवर नीट, सरळ रेघ मारली, वर एकवीस लिहिलं, आणि खाडाखोड केल्याबद्दल शेजारी छोटी सही केली.